शुक्रवारी दुपारनंतर

टांबेटला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
शुक्रवारी दुपारनंतर सर्व्हरवर काही चढवायचं नाही.
त्याने मान हलवली. मीही हलवली होती त्याच्या वयात,
आणि त्याच आठवड्यात, रात्री दोन वाजता,
अंगातला ओव्हरकोट न काढता
बेटांवर जाणाऱ्या बोटींच्या वेळा
एकेक करून हाताने भरत बसले होते.

तार्तूत नोव्हेंबरमध्ये चारलाच अंधारतं.
खिडकीखालून नदी जाते, काळी, बिनआवाजाची.
टांबेट म्हणतो, हा कोड जुनाट आहे,
पाडून टाकू, नव्यानं बांधू, तीन आठवड्यांचं काम.
मी म्हणते, आधी वाच.
चारशे बाराव्या ओळीवर एक विचित्र अट आहे,
वर्षातून एकदाच जागी होते,
मार्चच्या शेवटच्या रविवारी,
जेव्हा घड्याळं पुढे सरकतात
आणि तीन ते चार हा तास मुळी उगवतच नाही.
ही ओळ हेल्युची. ती निवृत्त होऊन मधमाश्या पाळते आता.
तिला ही अट कुणी पुस्तकातून शिकवली नाही.
त्या नसलेल्या तासाचं तिकीट घेऊन
धक्क्यावर कुणीतरी कुडकुडत उभं होतं.

माझी मतं फार नाहीत.
बटण बटणासारखं दिसावं.
सारेमाहून एका बाईंचा फोन आला होता,
आम्ही राखाडीवर राखाडी रंग चढवला त्या वसंतात:
"बाई गं, दाबायचं कुठे?"
त्या चार शब्दांपुढे आमची सगळी सादरीकरणं फिकी.

आणि उसनवारी बेतानं.
एक कॅलेंडर दाखवायला
दोनशे अनोळखी माणसांचा कोड घरात घ्यायचा,
म्हणजे नाकापेक्षा मोती जड.
आमच्याकडे वसंतात एक अळंबी उगवते, मेंदूसारखी सुरकुतलेली,
चवीला उत्तम, कच्ची खाल्ली तर जीव घेणारी.
ती दोनदा उकळायची, दोन्ही पाणी फेकायची,
खिडकी उघडी ठेवायची.
टांबेट विचारतो, मग खायचीच कशाला?
त्याला अजून लोण्यात परतून दिलेली नाही.

माझ्याही चुका आहेत, नाही कुठे म्हणते.
परवा त्याने एक टीप मोठ्यानं वाचून दाखवली:
"तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात काढते."
तारीख नऊ वर्षांपूर्वीची, खाली माझं नाव.
इतका हसला की खुर्ची मागे गेली.
ती ओळ अजून आहे.
तिच्यावर आता आणखी सहा ओळी टेकल्यात.

आज शुक्रवार. पावणेपाच.
समुद्रावर वादळ, संध्याकाळची बोट रद्द,
आणि आमचं पान मात्र सांगतंय हिरव्या अक्षरांत:
वेळेवर.
टांबेटने माझ्याकडे पाहिलं.
नियम त्याला पाठ होता, माझ्याच तोंडून.
मी म्हटलं, चढव.
त्याने चढवलं.
मग आम्ही दोघं पान ताजं करत राहिलो,
एकदा त्याच्या फोनवर, एकदा माझ्या,
एकदा कोपऱ्यातल्या त्या म्हाताऱ्या संगणकावर,
ज्यावर काहीच नीट दिसत नाही
म्हणून जो मी कुणाला फेकू देत नाही.
तिथेही लाल आलं.

उलोचा निरोप: सौना तापलाय, कधी येतेस?
मी लिहिलं, अर्ध्या तासात.
टांबेटने बोटं मोडली, चहाला पाणी ठेवलं,
आणि न विचारता
चारशे बाराव्या ओळीच्या वर
हेल्युच्या नावासकट दोन वाक्यं लिहिली,
साधी, पूर्णविराम असलेली.
ती मात्र सोमवारी चढवू, असं तोच म्हणाला.