कमरेवरच्या चार पट्ट्या

दोसिंदा खाडीवरून आली ती भिंत धरून.
बादलीत सहा किलो तिसऱ्या, गमबुटात गाळ,
आणि कंबर अशी,
की अर्धा मिटलेला चाकू गंजून तसाच राहावा.
"काढ ते," एवढंच म्हणाली.

मी कपाटावरचा डबा काढतो.
साबणाच्या वडीएवढं यंत्र, दोन वायरी, चार पट्ट्या.
ती स्वेटर वर करून ओट्यावर ओणवी होते.
आरोग्य केंद्रातल्या इरियानं मणक्याच्या दोन्ही अंगांना
पेनानं चार ठिपके करून दिलेत.
आंघोळीनं पुसट होतात,
दर रविवारी मी ते गिरवतो.
शाळेत इतकं मन लावून काही गिरवलं असतं
तर बोटीवर गेलो नसतो.

इरियानं समजावलं होतं:
दुखणं मेंदूकडे निघतं, वाटेत एक फाटक लागतं.
मुंग्याही त्याच फाटकातून जातात.
मुंग्यांची झुंबड उडाली की दुखणं बाहेर खोळंबतं.
"म्हणजे आमच्या लिलावासारखं," दोसिंदा म्हणाली,
"ज्याचा गळा मोठा, त्याचा माल आधी."
इरिया हसली. "जवळपास तसंच."
मग माझ्याकडे वळून, मला गंमत वाटेल म्हणून:
जुन्या काळी वैद्य म्हणे दुखऱ्या पायाखाली
जिवंत मासा ठेवत,
तुमच्याकडे मिळतो ना, तो विजेचा?
मी टोपी उचलली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

पट्ट्या मी लावतो. चकती मात्र ती फिरवते.
असं कधी ठरलं नाही, पण आहे.
दोन. चार. पाचला खांदे उतरतात.
सहाला म्हणते, "आली."
सातला बोलत नाही.
कातडीखाली मांस बारीक फडफडत राहतं,
फळीवर टाकलेल्या मासळीचं शेवटी शेवटी फडफडतं तसं.
मी खिडकीतून शेजाऱ्यांची कोबी बघतो.

ही वीज माझ्या ओळखीची आहे.
एकोणऐंशीचा फेब्रुवारी, बोटीवर दोघंच,
मी आणि माझा धाकटा, शुर्शो.
जाळ्यात तव्याएवढं, वाळूच्या रंगाचं काहीतरी.
कंदील लांब होता. मी हात घातला.
ट्रेमेल्गा.
खांद्यापासून खाली माझं काही उरलं नाही.
शुर्शो हसला. हसत हसतच तो
दुसऱ्या बाजूचा दोर सोडवायला वाकला,
आणि एक लाट आली. मोठी नव्हती.
मोठी होती असं मी सगळ्यांना सांगितलं.
तो पाण्यात. दोराचं दुसरं टोक माझ्या त्याच हातात.
मी मुठीला सांगत होतो, आवळ.
मूठ दुसऱ्याच कुणाची होती.

दोर कसा सरकत गेला ते मला दिसत होतं.
कळत नव्हतं, फक्त दिसत होतं.
अर्ध्या तासात हात परत आला,
चांगला, धडधाकट, अजून मण उचलेल असा.

आज दोसिंदाची बोटं थंडीनं वळतच नव्हती.
"तू फिरव."
"जरा शेकून घे बोटं."
"फिरव म्हणते ना."
चण्याएवढी ती चकती. एक. दोन.
डावा हात मी तिच्या पाठीवर टेकवला होता, पट्ट्यांच्या मधे,
कशाला कोण जाणे, तोल जाऊ नये म्हणून असेल.
पाचला तळव्यात मुंगी चावली.
सहाला दहा.
"हात का कापतोय तुझा?"
"कापत नाहीये."
ओट्याकडे तोंड करूनच ती म्हणाली,
"शुर्शोला पोहता येत होतं. गमबुटानं बुडवलं त्याला."
पंचेचाळीस वर्षांत हे नाव तिनं या घरात काढलं नव्हतं.
मी काही म्हणालो नाही.
"सात कर," ती म्हणाली.
मी सात केलं.

वीस मिनिटांनी यंत्र आपोआप बंद झालं.
पट्ट्या सोलल्या. एकीला वाळूचा कण चिकटला होता,
तो नखानं काढला, पाण्याचं बोट फिरवलं,
कागदावर परत चिकटवल्या.
डिंक संपत आलाय.
सोमवारी नव्या आणायला हव्यात,
आणि इरियाला विचारायला हवं, जमलं तर,
की कुठे दुखतं ते दाखवता येत नसेल
तर ठिपका कुठे करतात.