आगपेटी

सॉइलो बिदेगाइन घोड्यावरून उतरला नाही.
वाकून आगपेटी दिली:
"लेचुसाच्या कासेवरनं काढल्यात. पाच आहेत.
परवाच औषधाच्या हौदातून पोहून आली होती गाय.
तुझ्या त्या काट्याला विचार, नीदिया,
औषध खोटं की मी."

ताक्वारेम्बोत एप्रिल. गवत पिवळं पडू लागलेलं.
प्रयोगशाळेत चारच भरल्या.
पाचवीचं त्याला वाटलं असेल, म्हातारा आहे,
आणि पेटी मी कोटाच्या खिशात टाकली.

एरंडाच्या बीएवढ्या, राखी, तट्ट;
पाय कुठे आहेत ते शोधावं लागत होतं.
एकेक काचेच्या नळीत, तोंडाला कापसाचा बोळा.
सत्तावीस अंश. ओलसर अंधार.
चौथ्या दिवशी पहिलं अंडं.

गोचीड अंडं कशी घालते, हे सॉइलोने मला कधी विचारलं नाही.
ती मान खाली घालते.
डोक्यामागून एक ओला फुगा उमलतो, दोन बोटांसारखा,
अंडं धरतो,
मेण फासतो,
पाठीवर ठेवतो
आणि आत जातो.
पुन्हा.
मेण राहून गेलं तर ते अंडं सुकतंच.
अडीच हजारांत असं क्वचितच राहतं.

पंधरा दिवस वहीत आकडे लिहिले.
आली तेव्हा दोनशे नव्वद मिलिग्रॅम,
त्यातली एकशे एक्कावन्न अंडी.
शेवटी नळीत खसखशीसारखा चकचकीत तपकिरी ढीग
आणि त्याला टेकलेलं
एक सुरकुतलेलं टरफल.

औषध खोटं होतं.
फोनवर सॉइलो म्हणाला, "म्हणजे मी खरा."
आणि बराच वेळ नुसता मातेची नळी ओढल्याचा आवाज.

मे संपता संपता वादळाने दिवे गेले.
मेणबत्ती सापडली. काडी हवी होती.
चुलीवरच्या फळीवर, किटलीच्या वाफेत,
कधी ठेवली कोण जाणे, ती आगपेटी.
मोबाइलच्या विझत्या उजेडात उघडली.

कोपऱ्यात पाचवीचं टरफल.
आणि कडेकडेने, झाकणाच्या आतून, लाल धुळीसारखी,
सगळी.
सहा-सहा पायांची.
उरलेले दोन रक्त मिळाल्यावर येतात.

मी वाकले. श्वास सोडला.
सगळ्यांनी एकदम
पुढचे पाय वर केले,
मास्तरांनी प्रश्न विचारावा
आणि अख्ख्या वर्गाला उत्तर यावं तसे.

मी श्वास रोखला.
हळूहळू एकेक पाय खाली आला.
मग, का ते सांगता येणार नाही,
पुन्हा सोडला.

पेटी चुलीत गेली, जेमतेम तडतडली.
मनगटावर काही चढलं का, ते रात्रभर बघत राहिले.

वहीत आता पाचवीची ओळ आहे.
वजन: नोंद नाही.
अंडी: मोजली नाहीत.
फुटली का:
इथे मी "हो" लिहिलं, आणि तारीख.
सॉइलोची माफी मागायची राहिली आहे.