पान एकेचाळीस

कंपनीला शंभर वर्षं भरणार,
म्हणून इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात आलं.
उन्नो चिझुको, कामगार कल्याण खातं,
निवृत्तीला चौदा महिने.
खोली मिळाली तळमजल्यावर, खिडकी गोदीकडे,
आणि अडतीस खोकी, कसर लागलेली.

सुरुवात सोपी होती.
तांब्याच्या खाणीतले पंप बिघडायचे,
ते दुरुस्त करायला डोंगराच्या पायथ्याशी
एक पत्र्याची शेड. सात माणसं, एक भाता.
दुरुस्त करता करता घडवू लागले,
पंपामागून बॉयलर,
बॉयलर आहे तर बोट का नको,
बोट आली की गोदी, गोदी आली की क्रेन.
लोखंड लोखंडाला हाताला धरून आणतं.

पुढची पानं भराभर उलटतात.
सामुद्रधुनीवरचा पूल. उसाचे चरक. सिमेंटची भट्टी.
डोंगर पोखरणारं यंत्र, तीन मजली तोंडाचं.
तेलाचं जहाज इतकं लांब
की खलाशी डेकवर सायकली चालवत.
संचालक म्हणाले, फोटो मोठे छापा.

पान एकेचाळीसवर
वरूनच एक ओळ टाइप होऊन आली होती:
"युद्धकाळात उत्पादनात अनेक अडचणी आल्या."

मी कुनिमात्सु इवाओंकडे गेले.
पंधराव्या वर्षी ते लालबुंद रिव्हेट
बादलीत झेलायचे.
कान तेव्हाच गेले, म्हणून कागदावर विचारलं:
त्या वर्षी काय बनवत होतात?

कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी एक होडी काढली.
पाण्याखालून जाणारी, एकाच माणसापुरती.
"जायला इंजिन दिलं होतं," म्हणाले.
"यायला..."
आणि पेन्सिल चटईवर ठेवली,
टोक माझ्याकडे येणार नाही अशी.

यासुएबाईंनी आतून पातेलं आणलं.
वाकडा कान, दोन रिव्हेट.
युद्ध संपलं तेव्हा उरलेल्या पत्र्यांची भांडी केली,
पगार म्हणून भांडीच मिळाली,
ती पाठीवर बांधून खेड्यात जायचं,
बदल्यात रताळी.
हे एक मात्र विकलं नाही.
"थेंब गळत नाही यातून!"
बहिरी माणसं ओरडतात तसे ते ओरडले.
मग हळू, स्वतःलाही ऐकू जाणार नाही इतकं हळू:
"गळणारं आम्ही कधी काही केलंच नाही."

त्या पातेल्यातला भात मी जेवून आले.

पातेल्याचा फोटो वरून परत आला,
शेरा: विषयाला सोडून.
ओळ होती तशी छापली गेली.
पण शेवटी उत्पादनांची यादी असते, बारीक टाइपात,
ती कुणी वाचत नाही, तपासणारेही नाहीत.
तिथे टर्बाइन आणि धरणांच्या दारांनंतर मी लिहिलं:
पातेलं, भाताचं. नग एक. गळती नाही.

होडी कुठे लिहायची ते कळेना.
यादीत रकाने तीनच होते:
वजन, किंमत,
आणि परत आल्याची तारीख.