नमुना क्रमांक सतरा

हॅम्बुर्गहून कागद आला,
धारणीच्या संकलन केंद्रात पंख्याखाली फडफडला.
ओलावा एकवीस पूर्णांक चार. जास्त.
रंग गडद.
पराग: काही ओळखीचा, उरलेला
अज्ञात वनस्पतींचा.
म्हणून भाव किलोमागे अकरा रुपये खाली.

मी वाचून दाखवलं.
मुंगीलाल बेठेकर उपड्या ड्रमवर बसून ऐकत होता,
डाव्या पापणीवर कालचा डंख,
डोळा अर्धा मिटलेला.

"अज्ञात म्हंजे?"
म्हणजे त्यांच्या पुस्तकात नाही.

मग तो बोटं मोजू लागला:
नाल्यावरची धायटी,
शाळेमागचा करंज, रानतुळस,
आन थे एक, बकऱ्या खात नाही थे...
त्याचं नाव त्याने कोरकूत सांगितलं,
दोनदा.
मला लिहिता आलं नाही.
फॉर्मवर तसा रकानाही नव्हता.

ड्रमवर शिक्का बसला,
"मूळ देश: भारत."
तिकडे तो चार देशांच्या मधात मिसळेल,
पिळायच्या बाटलीत
एकसारखा पिवळा होईल.

सही करताना मुंगीलालने विचारलं,
"नमुन्याची शिशी वापस येते का?
झाकण चांगलं होतं तिचं."