तिसरी पायरी

घर पाहावं बांधून म्हणतात.
मी ते बांधलं नाही, पाहिलंही नाही.
फ्रेस्नोच्या दवाखान्यात दोन पेशंटांच्या मधे
अकरा मिनिटं होती.
हातमोजे काढले,
फोनच्या काचेवर बोटानं सही केली
आणि दोन हजार मैलांवर, टोलेडोत,
एक दुमजली घर माझं झालं.

इथं ज्या पैशांत गॅरेजही येत नाही
तिथं अख्खं घर येतं, मागे अंगण, पुढे ओटा.
बहिणीच्या नवऱ्यानं हिशोब मांडून दिला होता:
भाडं, हप्ता, कर, विमा,
ड्वेन कोवाल्चिकचे दहा टक्के,
आणि तळाशी उरलेला आकडा,
पेन्सिलीनं दोनदा अधोरेखित.

किल्ली टपालानं आली.
जुडग्यात अडकवली.
दवाखान्याच्या कपाटाची, गाडीची, माझ्या भाड्याच्या खोलीची,
आणि ही.
हो, मीही भाड्यानंच राहते.

ड्वेनची सकाळ माझ्या तीन तास आधी होते,
त्यामुळे माझा दिवस उजाडतो
तोच काहीतरी मोडलेलं घेऊन.
गटार तुंबलं, दोनशे दहा.
कुलूप बदललं, पंचाऐंशी.
पायरी हलते, एकशे ऐंशी. सोबत फोटो. खाली शब्द: पूर्ण.

जानेवारीत भट्टी बंद पडली.
तिथं नळ गोठत होते,
इथं शेजारच्या झाडावर संत्री पिकून लोंबत होती.
ड्वेननं भट्टीचा फोटो पाठवला.
काळा पत्रा, गंज, एक सुटलेली वायर,
आणि कोपऱ्यात चुकून आलेला एक पाय.
जाड लोकरी मोजा, अंगठ्याशी विरलेला.
मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला.
चार वर्षं दर पहिल्या तारखेला
हा पाय माझा हप्ता भरत होता.

मे महिन्यात डेट्रॉइटला चुलतबहिणीचं लग्न होतं.
दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता निघाले,
भाड्याच्या गाडीनं
भाड्याचं घर पाहायला.

फोटोतल्यापेक्षा अरुंद होतं.
ओट्यावर एक म्हातारी शेंगा मोडत बसलेली.
ओडेसा प्रुइट. करारावर सही बघितली होती,
तिरकी, घाईची. हात मात्र निवांत होते.

"मीटर वाचायला आलीस का?
जपून गं, तिसरी पायरी हलते."

हलली.
एकशे ऐंशी डॉलर माझ्या पायाखाली
डुगडुगले, आणि थांबले.

पत्ता चुकला म्हणाले.
तिनं पाणी दिलं, बस म्हणाली.
मागची खिडकी खांद्यानं ढकलावी लागते,
भट्टी पेटताना आधी खोकते, मग गाते,
वारा पश्चिमेचा असला की जिना बोलतो.
घर तिला तोंडपाठ होतं.
मला फक्त त्याचा खाते क्रमांक.

"मालक कॅलिफोर्नियाचा आहे.
समुद्रावर राहत असेल. कधी फिरकत नाही,
पण भट्टी दोन दिवसांत करून दिली हो त्यानं."

माझ्या गावापासून समुद्र तीन तासांवर आहे,
आणि मालक बाई आहे,
यातलं काहीच बोलले नाही.
खिशात किल्ली चाचपत होते.
समोर दाराला नवं पितळी कुलूप, चकचकीत.
तेव्हा कळलं, ते पंचाऐंशी डॉलर कशाचे.

विमानतळावरून ड्वेनला लिहिलं:
तिसरी पायरी अजून हलते.
त्याचं लगेच उत्तर:
तुम्हाला कसं कळलं?

बरंच काही टाइप केलं. पुसलं.
शेवटी एवढंच पाठवलं:
पाय ठेवला होता.

आठवड्यानं फोटो आला. नवी फळी, कोरी, पिवळी.
खाली या वेळी 'पूर्ण' नव्हतं. प्रश्न होता:
ऑगस्टपासून भाडं पन्नासनं वाढवायचं ना?
बाजारभाव त्याहून वर गेलाय.

किल्ली अजून जुडग्यात आहे.
ड्वेनला उत्तर द्यायचं राहिलंय.