पानाला साठ पैसे

अण्णा नोटांच्या छापखान्यात, मोजणीला.
सुटताना रोज झडती: बूट, डबा, टोपीची घडी.
रात्री जेलरोडच्या खोलीत चाळीसचा बल्ब
आणि थ्रेलसाहेबाची कादंबरी,
इंग्रजीतून मराठीत, पानाला साठ पैसे.

प्रकाशक मेनरोडचा. म्हणायचा, गंगुर्डे,
साहेब पळाला पाहिजे. झाडं कापा, बंदुका ठेवा.

साहेब पळायचा.
गोरा, उंच, आईच्या पोटातून हुकूम शिकून आलेला.
नदीपलीकडची माणसं अंधारासारखी यायची
आणि पानाच्या तळाशी पडायची, घाऊक.
आम्ही स्टोव्हपाशी कच्ची पानं वाचायचो,
दुसऱ्या दिवशी रुळांमागे तेच खेळायचो.
भाऊ साहेब. पलीकडचं व्हायला कोणी तयार नसे,
मग रंग बघून मला पाठवत.

सातव्या प्रकरणात मात्र लहानू मरायचा.
छातीभर पाणी, डोक्यावर साहेबाची ट्रंक,
मगर,
आणि मग नुसतेच दोन हात, ट्रंक वर धरलेली.
मी दर वेळी रडायचे.
आमचा लहानूकाका तेव्हा मालधक्क्यावर
कांद्याच्या गोण्या चढवायचा.
ऐकून हसला. मेलो होय? मजुरी दिली का रे त्यांनी?

प्रकाशकाने विचारलं, आफ्रिकेत लहानू कुठला?
अण्णा म्हणाले, मूळ पुस्तकातच आहे.

कॉलेजात मूळ पुस्तक हाती आलं.
कापडी बांधणी, सोनेरी नाव, चाळिसावी आवृत्ती.
सातवं प्रकरण. नदी. मगर.
तंबूत रात्री दिवसाचा हिशेब:
दोन खेचरं, चहाची पेटी, एक काळा.
चहाचं साहेबाला फार लागतं. पुढे अर्धं पान चहा.

बाकी अण्णांनी काही बदललं नव्हतं.
रक्त, वंश, कवटीची मापं,
सगळ्याची सुरेख मराठी केली होती,
ऱ्हस्वदीर्घ सांभाळून.
माझी फी त्यातूनच गेली.

मी तावातावाने बोलले तेव्हा
त्यांना दिसायचं बंद होत आलं होतं.
आठशे पानं होती गं, म्हणाले.
बत्तीस वर्षांत ज्यांच्या खिशातून
कोरा कागदही बाहेर आला नाही, ते.
मग बऱ्याच वेळाने,
एकच माणूस आत नेता आला.

आणि सवयीने
दोन्ही हात वर केले.