रोटाचे पत्रे

शबेबारातीच्या आदल्या रात्री
आम्ही पाव लावत नाही.
खारी नाही, टोस्ट नाही, बटर नाही.
भट्टी त्या रात्री गिऱ्हाइकांची नसते.

दुपारी चारपासून शुक्रवारातल्या गल्लीत पत्रे यायला लागतात,
कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या लुनावर आडवे,
वरून ओलं फडकं, कडेला खसखस सांडलेली.
रवा, तूप, पिठीसाखर, वेलदोडा,
ऐपत ज्याची त्याची.
कुणाचं, म्हणून मी विचारत नाही.
बघितलं की कळतं.

पूर्वी चिठ्ठ्या लावायचो.
तुपानं शाई फुटायची
आणि बागवानांचा आजा शिकलगारांच्या घरी जायचा,
शिकलगारांची आत्या बागवानांकडं पाहुणी.
भांडणं व्हायची, मेलेल्यांवरून जित्यांची.
शेवटी अब्बा म्हणाले, खूण करा.
ज्याच्या त्याच्या हातातलं काहीतरी
उठवा पिठावर.

तेव्हापासनं
हाजराबीच्या रोटांना कडेला भोकं असतात,
नेमकी, गोल, तिकिटाला पाडावीत तशी.
नवरा एस.टी.त कंडक्टर, गारगोटी गाडीवर.
रिटायर होताना चिमटा जमा केलाच नाही त्यानं,
हरवला म्हणून लिहून दिलं, दंड भरला.
आता वर्षातनं एकदा ती त्यानं पीठ चिमटते
आणि पत्र्यावर जागा करताना म्हणते,
"पुढं सरका, पुढं सरका."
हसते. मीही हसतो.

शिकलगारांची पोरं कात्रीची टोकं रोवतात.
रोशनबीच्या रोटावर तपकिरीच्या डबीचं झाकण.
सुतारांची शालन मात्र भादव्यात येते, म्हाळाला,
एकच रोट घेऊन, सासऱ्याचा.
वर पटाशीची एक रेघ, सरळ.
"वडे, खीर, आमटी, समदं असतंय पानावर,
पर कावळा पयल्यांदा ह्योच उचलतोय.
भटजीला बोलू नगा."
एका रोटासाठी भट्टी पेटवत नाहीत.
पावाचा घाणा निघाल्यावर ऊब राहते,
तेवढ्यात तिच्या सासऱ्याचं भागतं.

एकोणीस साली पंचगंगा
भट्टीच्या तोंडातनं आत आली.
अकरा दिवस राहिली.
पाणी उतरल्यावर पेटवली तर चार दिवस नुसती वाफ.
अब्बा खुर्ची टाकून समोर बसायचे.
"विटांना रडू दे पोटभर," म्हणायचे,
"मग ऐकतील."
त्याच थंडीत ते गेले.

पुढची शबेबारात लॉकडाऊनमध्ये.
चार वाजले, पाच वाजले,
गल्लीत एक पत्रा नाही.
कोपऱ्यावर बांबू आडवा बांधलेला,
त्याच्यावर कावळा.
सहाला मी पीठ मळायला घेतलं.
सगळ्यांचं.
घरातली कात्री. पेनाचं टोपण.
बामच्या बाटलीचं झाकण, तपकिरीच्या डबीइतकं.
चाळीस घरांच्या खुणा हाताला पाठ होत्या,
हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

सकाळी पावाच्या पिशव्यांतनं पोच केले.
हाजराबीचा फोन आला.
"भोकं मोठी पडलीत," म्हणाली.
"असलं तिकीट चेकरनं धरलं असतं."
मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.

अब्बांचा रोट मी शेवटी केला होता.
खूण काय करायची?
फळकं लांब होतं, फडकं मऊ,
मग त्यांचाच अंगठा आठवला.
पन्नास वर्षं तापल्या पत्र्यांना लागून गुळगुळीत झालेला.
रेशनच्या मशीनवर तो कधी उठला नाही,
दर महिन्याला दुकानदार म्हणायचा, चाचा, पुसून लावा,
आणि चाचा पुसून लावायचे.
माझाही आता तसाच होत आलाय.
दाबला.
पिठावर नुसता खळगा, एक रेघ नाही.
भट्टीत तोही फुगून सपाट झाला.

चाळीस खुणांत तो एकच बिनखुणेचा.
लगेच सापडला.
कड जरा जास्त लागली होती.
त्यांनी असा पत्रा बाहेर जाऊ दिला नसता.